रायानची अम्मी

वाशीला सेक्टर सतराच्या कोपऱ्यावर सुनीतीनं हाक मारली, “रायानची अम्मी,” आणि पुढे चाललेली बाई थांबली. नक्की थांबली. डोक्यावरची ओढणी सारखी करायला उचललेला तिचा हात क्षणभर तसाच राहिला. मग मागे वळून न बघता ती चालू लागली, आधीपेक्षा भरभर, आणि बँकेच्या इमारतीला वळसा घालून दिसेनाशी झाली. सुनीती केमिस्टच्या पायरीवर हातात गोळ्यांची पुडी धरून उभी राहिली. आधी तिला वाटलं, चुकलं आपलं, दुसरीच कुणीतरी असेल. पण दुसरी कुणी असती तर त्या हाकेला थांबली कशाला असती? म्हणजे ती तीच होती, तिनं ऐकलं होतं, आणि ऐकून ती निघून गेली होती. झालं ते एवढंच. फुटपाथवरच्या कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. सुनीती मात्र नेरुळच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली तरी तो थांबलेला हातच बघत राहिली.

त्या बाईचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं. मुंबईतल्या हॉस्पिटलच्या बाकावर कुणाला स्वतःचं नाव नसायचं. सगळ्या बाया मुलांच्या नावानं ओळखल्या जायच्या. ही रायानची अम्मी, तळोज्याची, नवऱ्याचं तिथे पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. आणि आपण क्षिप्राची मम्मी. हृदयाच्या मुलांची ओपीडी असायची त्या दिवशी दोघी खाडी ओलांडून यायच्या आणि नंबर येईपर्यंत शेजारी शेजारी बसायच्या. दोन्ही मुलांना एकच दुखणं, जन्मापासूनचं. हृदयातल्या पडद्याला भोक आणि फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. त्यामुळे शुद्ध व्हायला हवं ते रक्त तसंच अंगभर फिरतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. सुनीतीला त्यातली फक्त ती अरुंद वाट लक्षात राहिली होती, कारण डॉक्टरांचं पेन तिथे येऊन थांबलं होतं. पहिल्याच भेटीत रायाननं क्षिप्राच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं होतं आणि विचारलं होतं, “तू पण निळी?” सुनीतीच्या अंगावर काटा आला होता. त्यांच्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. ‘थकलीय’ म्हणायचे, ‘कोमेजलीय’ म्हणायचे. पण क्षिप्रा खुलली होती. जगात आपल्यासारखं आणखी कुणीतरी आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. घरी येताना ती बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, “रायान पण निळा आहे, माझ्याहून जास्त.” रायानचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं होतं. त्यानंतर त्या दोघांची आणि यांची भेट झाली नव्हती. ओपीडीचा वार बदलला असेल, असं सुनीतीनं स्वतःला सांगितलं होतं, आणि आता पाडवा तोंडावर आला होता.

पाडव्यानंतर क्षिप्राची तारीख होती.

बिल्डिंगच्या खाली शेजारची जयमाला क्षिप्राला घेऊन उभी होती. म्हणजे जयमाला उभी होती; क्षिप्रा फाटकाजवळ उकिडवी बसली होती. चार पावलं चालून झाली की ती अशी बसायची. गुडघे पोटाशी घेतले की तिच्या छातीला बरं वाटायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चालायला लागली तेव्हापासून ती ते आपोआप करत होती. पण अलीकडे, पाचवं लागल्यावर, तिनं त्यात स्वतःची भर घातली होती. बसलं की जमिनीवरचं काहीतरी उचलायचं. खडा, बाटलीचं झाकण, गुलमोहराची शेंग. बघणाऱ्याला वाटावं, मुलगी खेळतेय. सुनीतीच्या हे लक्षात आलं त्या दिवशी ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली होती. एवढ्याशा पोरीनं स्वतःचं दुखणं लपवायला शिकावं, आणि ते कुणासाठी, तर आपल्यासाठी? “दमलीस?” असं एकदा विचारलं तेव्हा क्षिप्रा म्हणाली होती, “मी दमले नाही, मी फक्त बसले.” आताही तिनं मूठ उघडून काचेचा गुळगुळीत तुकडा दाखवला. सुनीतीनं तिला कडेवर घेतलं आणि तीन मजले चढायला सुरुवात केली. सिडकोच्या त्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. घर घेतलं तेव्हा दोघंच होते आणि तिसरा मजला म्हणजे वारा, उजेड आणि लांबवर खाडीची चमक असा हिशेब होता. आता प्रत्येक जिन्याला तिच्या कानाशी मुलीचा श्वास वाजायचा. ती श्वास ऐकत चढायची, आणि श्वासात जरा बदल झाला की तिचा पाय पायरीवरच थांबायचा. आज तिला त्या श्वासामागे दुसराच एक श्वास ऐकू येत होता, नाक चोंदलेल्या मुलाचा, बाकावर शेजारी बसून ग्लुकोजची बिस्किटं खाणाऱ्या.

सुधीरला तिनं काही सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल, असं काहीतरी तिच्या मनात होतं. सुधीर महाप्याला रंगांच्या कंपनीत होता. तयार झालेला रंग नमुन्याशी जुळतो की नाही हे बघणं त्याचं काम. तो घरी आला की बूट काढण्याआधी क्षिप्राच्या ओठांकडे बघायचा, आणि त्या बघण्यात बापाइतकाच त्याच्या कामातला माणूस असायचा. एकदा नकळत तो बोलून गेला होता, “कालच्यापेक्षा एक शेड डार्क आहे.” त्यावर दोघं दिवसभर एकमेकांशी बोलले नव्हते. आता तो काही बोलत नसे, पण सुनीतीला त्याच्या डोळ्यांत शेड दिसायची. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना तिनं विचारलं, तारीख थोडी पुढे ढकलायची का. आता उन्हाळा आहे, पोरगी तशी बरी आहे, हसतेय, खातेय. सुधीरनं ‘का’ असं विचारलं. तिनं डब्याचं झाकण लावलं. तो म्हणाला की आधी दोनदा आपणच पुढे ढकललीय, आता डॉक्टर ऐकणार नाहीत. मग डबा उचलून दाराशी थांबला आणि म्हणाला, “मला पण भीती वाटते, सुनीती. पण ती रोज वाढतेय आणि तिची ती वाट काही वाढत नाहीये.” तो गेल्यावर ती ओट्याशी उभी राहिली. बेलापूर रोडच्या कारखान्यांकडून वारा आला की घरात एक गोडसर, कुजका वास शिरायचा. तिनं खिडकी लावली. पलंगावर क्षिप्रा आपले खडे मांडत होती. तिच्या अंगात पांढरा फ्रॉक होता. आकाशी आणि जांभळे फ्रॉक सुनीतीनं कधीच वाटून टाकले होते. त्यांची छाया चेहऱ्यावर पडते आणि खरं काय ते कळत नाही. पांढऱ्यात कळायचं. पांढऱ्यात सगळंच कळायचं.

रायान गेला असेल का, हा प्रश्न तिनं मनात एकदाही पुरता उच्चारला नाही. ती त्याच्या कडेकडेनं फिरत राहिली. ते लोक हॉस्पिटल बदलून गेले असतील. तो बरा होऊन शाळेत जात असेल आणि त्या बाईला आता जुनं काही आठवायला नको असेल. बरं झालेल्या मुलाच्या आईला आजारी मुलाची आई कशाला दिसायला हवी. हे तिला जवळजवळ पटलं. पण डोळ्यांपुढे तो वर उचललेला हात यायचा आणि पटलेलं सगळं सुटून जायचं. कुठूनतरी तिला एक होकार हवा होता, किंवा नकार. डॉक्टरांचा नको, सुधीरचाही नको. ज्या बाईनं आपलं मूल ऑपरेशनच्या दारातून आत दिलं होतं, तिच्या तोंडून हवा होता. दुपारी जयमाला बहिणीकडे जाणार होती, म्हणून सुनीतीनं क्षिप्राला बरोबर घेतलं, कळंबोलीपर्यंत बस आणि पुढे सहा सीटची रिक्षा केली. तळोज्याच्या कारखान्यांच्या बाजूनं रिक्षा गेली तेव्हा क्षिप्रानं नाक मुरडलं. “आई, इथली हवा जुनी आहे,” ती म्हणाली. शेजारची बाई हसली आणि मग क्षिप्राच्या नखांकडे बघून हसायची थांबली.

जुन्या गावात मशिदीच्या अलीकडे पंखेदुरुस्तीचं दुकान लगेच सापडलं. आत एक दाढीवाला माणूस मोटारीला तांब्याची तार गुंडाळत बसला होता. पाटीवर फजल नाव होतं; हा रायानचा बाप असणार. सुनीतीनं त्याला एकदाच हॉस्पिटलच्या जिन्यावर बघितलं होतं. त्यानं आधी क्षिप्राकडे बघितलं, तिच्या ओठांकडे, आणि तार हातातून खाली ठेवली. सुनीती म्हणाली, रायानच्या अम्मीला भेटायचं होतं. त्यानं हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, “खदीजा घरी आहे. मागच्याच गल्लीत, हिरवं दार.” खदीजा. त्यानं ते नाव ज्या तऱ्हेनं उच्चारलं, त्यात सुनीतीला सगळं कळलं. तरी ती गल्लीत शिरली. परत फिरायला हवं होतं, पण पाय पुढेच जात होते.

खदीजानं दार उघडलं आणि आत या म्हणाली. काल काही घडलंच नव्हतं अशा साध्या आवाजात. ओटीवर गार शहाबादी फरशी होती, मागे अंगण, अंगणात कोंबड्या. क्षिप्रानं इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, “रायान कुठाय?” खदीजा खाली वाकली आणि क्षिप्राच्या फ्रॉकचं उघडं राहिलेलं बटण लावत म्हणाली, “रायान नाही, बेटा. जा, कोंबड्या बघ.” क्षिप्रा गेली. मग दोघी बसल्या. जे सांगायचं ते खदीजानं थोडक्यात सांगितलं, खालच्या आवाजात, जणू कुणा तिसऱ्याचं. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. झालं ते नीट झालं म्हणाले. काही दिवस तो काचेच्या खोलीत होता, एकदा त्यानं डोळे उघडले होते, मग ताप आला आणि मग तो नव्हता. डॉक्टरांनी कारण समजावून सांगितलं होतं, फजलला समजलं, तिला नाही समजलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. सुनीती ऐकत होती आणि स्वतःचीच तिला किळस येत होती, कारण ऐकता ऐकता तिच्या मनात एकच गोष्ट चालली होती: म्हणजे न्यायचं नाही. म्हणजे नकार मिळाला. समोरच्या बाईचं मूल गेलं आहे आणि आपण त्यातून आपल्या मुलीसाठी काहीतरी वेचून घेतोय. तरी तिनं विचारलंच. म्हणाली, पाडव्यानंतर आमची तारीख आहे, तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं? खदीजानं ओढणी डोक्यावरून पुढे ओढली. “मला ते विचारू नका, क्षिप्राची मम्मी,” ती म्हणाली. “मी काही पण बोलले तरी ते माझंच होणार. तुमच्या पोरीचं नाही होणार.”

तेवढ्यात क्षिप्रा दारात आली. कोंबडीच्या मागे धावली असावी. ती उकिडवी बसली आणि तिनं काहीच उचललं नाही. सुनीतीनं पहिल्यांदा तेच बघितलं, की तिनं काही उचललं नाही, हात नुसते लोंबत होते. मग क्षिप्रा रडायला लागली, पण रडण्याला आवाज नव्हता, नुसता श्वास होता, खोल, भराभर, पुन्हा पुन्हा. आणि चेहरा निळ्याच्याही पलीकडे गेला, पावसाळी आभाळासारखा राखाडी. असे झटके पूर्वी आले होते, सकाळी, अंघोळीनंतर; सुनीतीला काय करायचं ते माहीत होतं, पण ती जागची हलू शकली नाही. तिच्या मनात स्पष्ट आलं, इथेच, ह्याच घरात. खदीजा उठली होती. तिनं क्षिप्राला उचललं, छातीशी उभं धरलं, एका हातानं दोन्ही गुडघे तिच्या पोटाशी दाबले आणि दुसऱ्या हातानं पाठ चोळत ओटीवर येरझाऱ्या घालू लागली. ती कानात काहीतरी पुटपुटत होती, दुआ असेल किंवा नुसतंच अंगाईचं काही. तिच्या हातांना सगळं येत होतं. किती महिने ते हात रिकामे होते, आणि काही विसरले नव्हते. हळूहळू श्वास लांबला. मान खांद्यावर पडली, पण पापण्या हलत होत्या. मग खदीजा थांबली. तिच्या चेहऱ्यावर आता मघाचा तो तिऱ्हाईतपणा राहिला नव्हता. “हिला आता घरी नेऊ नका,” ती म्हणाली. “तारखेची पण वाट बघू नका. आत्ता न्या. माझा गेला, तरी सांगते, न्या.”

फजलनं दुकानाची व्हॅन काढली. मागे पंख्यांची पाती आणि वायरची भेंडोळी होती. पुढे खदीजा क्षिप्राला मांडीवर घेऊन बसली, गुडघे तसेच पोटाशी धरून. सुनीतीनंही मुलीला मागितलं नाही. वाटेत एका पीसीओवर थांबून फजलनं महाप्याला सुधीरच्या कंपनीत फोन लावून दिला. वाशीच्या पुलावर ओहोटीचा खारट वास आला. खाली खाडीचा चिखल चमकत होता आणि सुनीतीला वाटत होतं, हा पूल संपू नये, कारण संपला की दुसरी बाजू येणार. आणि लगेच वाटत होतं, लवकर संपावा. पूल उतरल्यावर खदीजा समोर बघतच म्हणाली, “काल तुम्ही हाक मारलीत. त्या नावानं मला आता कुणी हाक मारत नाही. घरात पण नाही. मी वळले असते तर रस्त्यातच पडले असते.” हॉस्पिटलच्या फाटकाशी व्हॅन थांबली. खदीजानं क्षिप्राला तिच्या हातात दिलं, फ्रॉक सारखा केला आणि स्वतः बसून राहिली. फाटकाच्या आत ती आली नाही. सुनीती पळत आत गेली तेव्हा तिनं मागे वळून बघितलं नाही, आणि हे तिला नंतर फार दिवस बोचत राहिलं.

ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. सुधीर आला तेव्हा त्याच्या अंगठ्याच्या नखात पिवळा रंग होता. मोठे डॉक्टर म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही, घरी सोडणार नाही, उद्याचा एक दिवस जाऊ देऊन परवा सकाळीच करू. सुनीतीनं मान हलवली. आपण इतक्या सहज मान हलवू शकतो याचं तिला आश्चर्य वाटलं. त्या सकाळी क्षिप्राला हिरव्या कपड्यात गुंडाळून नेलं. ती गुंगीत होती, तिनं मागे बघितलंही नाही. दुपारपर्यंत दोघं जिन्याजवळच्या बाकावर बसली. सुनीतीनं तेवढ्या वेळात मुलगी गेली असं धरून सगळं जगून बघितलं. घरी परत जाण्याचा रस्ता, तीन मजले रिकाम्या हातांनी चढणं, पलंगावरचे खडे, जयमालाचा चेहरा. अंगावर येणार ते आधीच अंगावर घेतलं तर कदाचित ते येणार नाही, असा काहीतरी सौदा ती करत होती. पण प्रत्येक चित्राच्या शेवटी तिला काचेची खोली दिसायची आणि आत डोळे उघडणारा रायान. ऑपरेशन नीट झालं, असं सांगायला डॉक्टर आले तेव्हा तिला आनंद झालाच नाही. हेच शब्द तिनं तळोज्याच्या त्या ओटीवर ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी तिला एकटीला आत सोडलं. नर्सनं बोट दाखवलं त्या कॉटवर एक मूल होतं, नळ्यांमध्ये. त्याचे तळपाय गुलाबी होते. ओठ गुलाबी, कानाच्या पाळ्या गुलाबी. सुनीतीनं शेजारच्या कॉटकडे बघितलं, मग त्याच्या पलीकडच्या. ती नर्सला म्हणाली, “ही माझी नाही. माझी कुठाय?” नर्सला असं ऐकायची सवय असावी. तिनं सुनीतीचा दंड धरून तिला पुन्हा त्याच कॉटपाशी आणलं आणि त्या मुलाचा हात चादरीखालून काढून तिच्या हातात दिला. बोटांची टोकं फुगीर होती, ढोलकीच्या काठीसारखी, जन्मापासून रक्तात प्राणवायू कमी पडल्यानं झालेली. ती बोटं क्षिप्राचीच होती. पण ती गरम होती. क्षिप्राची बोटं कधी गरम नसायची. सुनीती तो अनोळखी, ऊबदार हात धरून उभी राहिली आणि तिला तापाची आठवण झाली. तिनं घाबरून विचारलं. नर्स म्हणाली, ताप नाही, माणसाचा हात असाच असतो.

ताप आला नाही. पुढचे सगळे दिवस सुनीती त्याची वाट बघत राहिली आणि तो आला नाही. क्षिप्रा घरी आली. मे महिन्यात ती पहिल्यांदा एक मजला स्वतः चढली, छातीवरचा वण बिल्डिंगमधल्या मुलांना दाखवून दाखवून तिनं त्याचं कौतुकही संपवलं. पुढे कधीतरी पुन्हा एक ऑपरेशन लागेल असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे भीती गेली नाही, थोडी सरकून बसली एवढंच. तळोज्याला जायचं सुनीतीच्या रोज मनात यायचं. पण क्षिप्राला घेऊन त्या हिरव्या दारात कसं उभं राहायचं? ती धावणार, कोंबड्यांच्या मागे जाणार, बसणार नाही. आणि त्या बाईनं ते बघायचं. तिनं सुधीरला विचारलं. तोही म्हणाला, एकटीच जा, बरं दिसेल. म्हणून एका दुपारी क्षिप्राला जयमालाकडे ठेवून ती गेली. आंब्यांची पेटी घेतली होती. रिक्षातून उतरेपर्यंत ती काय बोलायचं ते जुळवत होती. फजलचं दुकान बंद होतं. गल्लीत ऊन होतं, माणूस नव्हतं. तिनं कडी वाजवली.

खदीजानं दार उघडलं. तिनं सुनीतीकडे बघितलं, मग तिच्या कडेला, मग मागच्या मोकळ्या गल्लीत बघितलं. तिचा चेहरा उतरत गेला. हात चौकटीवरून घसरला आणि ती तिथेच उंबऱ्यावर खाली बसली. “मीच न्यायला सांगितलं,” ती म्हणाली, स्वतःशी म्हणावं तसं. “माझ्या तोंडून गेलं.”

सुनीतीला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं पेटी टाकली आणि ती तिच्यासमोर धुळीत गुडघ्यांवर बसली. तिचे दोन्ही हात धरून ती सांगत राहिली, आहे, घरी आहे, बरी आहे, शेजारणीकडे ठेवलीय, धावते, आहे. खदीजा तिच्या तोंडाकडे बघत होती. शब्द तिच्यापर्यंत पोचत होते की नाही, समजत नव्हतं. शेजारच्या खिडकीत कुणीतरी येऊन उभं राहिलं. बऱ्याच वेळानं खदीजाचा श्वास जागेवर आला. तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि आपले हात सोडवून घेतले.

“मग तिला का नाही आणलंत?” तिनं विचारलं.